हक्क की कृपा?

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात लासलगावाजवळ रुळांची देखभाल करणारे चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली सापडून प्राणास मुकले. पुढील वर्षी २२ जानेवारीस वसई रोड व नायगाव या स्थानकांच्या दरम्यान सिग्नल खात्याच्या तीन कर्मचाऱ्यांना लोकलने चिरडले. हे केवळ दैवाचे घाले नव्हेत. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्यू पावले आणि गाड्यांच्या अपघातांत दगावलेल्या प्रवाशांहून ही संख्या मोठी होती, असे डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ सालीच शासनाच्या निदर्शनास आणले होते.

असा प्रसंग घडला की तातडीच्या मदतीचा आकडा जाहीर होतो आणि लोकांचे समाधान होते. परंतु मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे. भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हा हक्क दिला आणि मालकाची हयगय सिद्ध करण्याचे ओझेही कामगाराच्या माथ्यावरून उतरविले. अमेरिकेतील रेल्वे कामगारास १९०८ च्या तेथील कायद्याप्रमाणे ती हयगय सिद्ध करावी लागते. मात्र ती सिद्ध झाली की भरपाईस वेतनमर्यादेचे कुंपण नसते. आपल्या कायद्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने आखडते घेतले.

ते कसे, हे साध्या गुणाकाराने कळेल. कामगाराचा मृत्यू झाल्यास त्याच्या मासिक वेतनाची निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाची, असा नियम. तीस वर्षांच्या तरुणाचा गुणक २०७.९८ आहे. परंतु हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा २०१० पासून जवळजवळ दहा वर्षे ८,००० रुपयांवर राहिली आणि जानेवारी २०२० मध्ये ती वाढविली तीही १५,००० पर्यंतच. सातव्या वेतन आयोगाने तर २०१६ पासूनच रेल्वेच्या सर्वांत खालच्या नोकराचे मूळ वेतन १८,००० ठरविले होते! या मूळ वेतनावर १८,७१,८२० रुपये होतात. मर्यादेमुळे १५,५९,८५० उरतात. तीन लाखांहून अधिक रक्कम विधवेच्या पदरातून कागदावरच गळून पडते.

आजारी पडणाऱ्याची कथा याहून करुण आहे. सततच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. पण त्यासाठी एकाच मालकाकडे किमान सहा महिने सलग काम केलेले असावे लागते. ठेकेदार बदलत राहिले, तर कामगाराने हा पुरावा आणावा कोठून? अपघात साऱ्यांना दिसतो. कान निकामी होत जातात ते कोणालाच दिसत नाही. कायम नोकराच्या घरास निवृत्तिवेतनाचा तरी टेकू असतो. ठेकेदाराच्या मजुराने पाहावे कोणाकडे? त्याच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे रेल्वेवर, येते, असे कायदा स्पष्ट सांगतो. पण हे त्या मजुराच्या घरी जाऊन सांगणार कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. वेतनमर्यादा ठरविण्याचा अधिकार तिनेही केंद्र सरकारच्याच हाती ठेवला आहे. तेव्हा सरकारने ही मर्यादा महागाईच्या निर्देशांकाशी बांधून द्यावी. रुळांवर काम करणाऱ्या प्रत्येक ठेका मजुराची सेवानोंद व वैद्यकीय तपासणीची नोंद रेल्वेने स्वतः ठेवावी. आणि अपघातानंतर मदतीचा आकडा जाहीर होईल त्याच दिवशी वारसांच्या हाती कायदेशीर भरपाईचा हिशेबही लेखी द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा नको. ज्यांच्या राबण्यावर लक्षावधी माणसे रोज सुखरूप घरी पोहोचतात, त्यांच्या वारसांनी शासनापुढे हात पसरावेत, हे कोणत्याही शासनास शोभणारे नाही.