समान भाडे, असमान विकास

साध्या पत्राचा टपाल दर अंतरावर ठरत नाही, हे टपाल कामगारांना सांगायला नको. १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला देशात कोठेही अर्धा आणा, असा दर ठरला. दूरच्या गावाला त्याने जवळ आणले. हेच तत्त्व पोलादाला लावल्यावर मात्र काय झाले, याचा हिशेब रेल्वे कामगारांनी मांडला पाहिजे. तो माल आपणच वाहिला आहे.

१९५०च्या दशकात केंद्र सरकारने भाडे-समानीकरणाचे धोरण आणले. पोलादाच्या प्रत्येक टनावर सरासरी भाडे आकारायचे आणि त्या निधीतून दूरच्या गिऱ्हाइकाचे जादा भाडे भागवायचे. म्हणजे जमशेदपूरजवळचा कारखाना मुंबईच्या कारखान्याचे भाडे भरू लागला! कच्चा माल जड असेल तर कारखाना त्याच्या जवळ उभा राहतो, असे आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडले होते. समान भाड्याने ती ओढच संपवली. बिहार, बंगाल, ओरिसाच्या वाट्याला खाणी उरल्या. बंदर आणि बाजारपेठ हाताशी असलेल्या पश्चिम भारतात कारखाने वाढले. कापसाला मात्र अशी सवलत नव्हती. मागासलेपणाचे हे एकच कारण नव्हे; पण आपल्या राज्याला त्याचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

१९९०च्या दशकाच्या आरंभी पोलादाचे समानीकरण संपले. म्हणून कारखाने पूर्वेकडे परतले काय? नाही. कारखाना, कामगार आणि गिऱ्हाईक एकदा एकत्र आले की एकमेकांना धरून ठेवतात, हे पॉल क्रुगमन यांनी १९९१ च्या आपल्या प्रतिमानात दाखवले. मूळ कारण गेले तरी परिणाम उरतो.

म्हणूनच बाजार आपोआप समतोल साधेल, हे आम्हास मान्य नाही. जनरल डब्यात उभ्याने मुंबईला येणारा बिहारी मजूर आपला शत्रू नाही. त्याच्या गावच्या लोखंडावर आपली शहरे उभी आहेत. मागास भागांत, मग तो झारखंड असो वा मराठवाडा, सार्वजनिक गुंतवणूक झालीच पाहिजे. केवळ तोट्याचे कारण दाखवून तेथील रेल्वेमार्ग वा टपाल कचेरी बंद करू देता कामा नये. ही लढाई आपल्या नोकरीची आहे, तशीच त्या गावांचीही आहे.