अंगण नसलेल्या घरातली म्हण

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात संच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात वाढणाऱ्या पोराला ‘नाचता येईना’ एवढंच सांगून पुढचं विचारावं, तर ‘अंगणच नाही’ असं उत्तर येतं. ‘घरोघरी’ म्हणावं, तर ‘गॅसच्या चुली’. ‘आडात नाही’ म्हणावं, तर ‘मोटर चालू करा’. मोठी माणसं खळखळून हसतात आणि वही तपासताना त्याच उत्तरावर फुली मारतात. हसावं जरूर, फुली मारू नये.

त्या उत्तरात पोराचं घर असतं. त्याचे आजी-आजोबा, आई-वडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्याच वाटेनं, ताप्ती लाइनच्या गाडीनं इथं आले. अंगण, आड, पोहरा गावी राहिले. म्हणी तेवढ्या बोचक्यात बांधून आल्या. शब्द आहे, पण त्यामागची वस्तू पोरानं पाहिलेलीच नाही. मग डोळ्यांसमोर जे आहे, ते पोर तिथं बसवतं. म्हणी घडवणाऱ्या शेतकऱ्यानं, जात्यावर बसलेल्या बाईनं तरी वेगळं काय केलं होतं?

‘थेंबे थेंबे तापीला पूर’ असं पोर म्हणतं, तेव्हा तर हसता हसता थांबावं लागतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याखाली शहराचा मोठा भाग गेला होता. लिंबायतेत मिठी खाडीचं पाणी पावसाळ्यात आजही वस्तीत शिरतं. तळं साचण्यापेक्षा हे पाणी त्याच्या ओळखीचं आहे.

सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथं ‘म्हण पूर्ण करा’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुमची म्हण करा’ असाही एक प्रश्न असावा, आणि त्याला गुण असावेत. मूळ म्हण शिकवायलाच हवी. आड कसा असतो, पोहरा कसा सोडतात, हे आईबापांनी सुटीत गावी नेऊन दाखवावं. अंगण ठाऊक असेल, तरच ते आपल्याकडे नाही हे कळतं आणि त्यावर विनोद सुचतो. शेजारचा गुजराती सवंगडी ‘टीपे टीपे सरोवर भराय’ म्हणतो, तीही शेजारी लिहून घ्यावी.

संच्यावर जन्मलेली एखादी म्हण उद्या खानदेशातल्या ओट्यावर कुणी सहज बोलून गेलं, की मराठी सुरतेत रुजली असं समजावं.