सोडायचा की शिजवायचा?

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या गेटवर दोन-तीन मुलं हातात लांबुळकी पिशवी घेऊन दिसली की वॉचमन काका आता "कुठं?" असं विचारतसुद्धा नाहीत. मंडळी धरणावर निघालेली असतात. पूर्वी हा उद्योग वेळूची काठी, थोडी तंगूस, एक गळ आणि मेसमधून मागून आणलेली कणीक एवढ्यावर चालायचा. आता रॉड आणि रीळ ऑनलाइन येतात, रबरी बेडूक घरपोच मिळतो आणि शिकवायला यूट्यूबवर अमेरिकेतले काका आहेतच. छंद चांगला आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण रॉडबरोबर आपण जी वृत्ती मागवतोय तिच्याबद्दल मात्र बोलायला हवं. (शेंद्र्यात 'गळ' म्हटलं की कुणालाही आधी मांगीरबाबाच्या जत्रेतले गळ आठवतात. तो वादाचा विषय वेगळा आहे, त्यात मी शिरत नाही.)

त्या व्हिडिओंमध्ये काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे. मोठ्या तोंडाचा हिरवट मासा लागतो. त्याला बास म्हणतात. काका त्याचा खालचा जबडा धरून हसतात, फोटो काढतात आणि मासा पाण्यात सोडून देतात. आपली पोरंही तसंच करतात. मरळ असो, चिलापी असो, रोहू असो, फोटो काढायचा आणि सोडायचा. वर जो मासा खोलीवर आणून शिजवतो तो गावंढळ आणि जो सोडतो तो निसर्गप्रेमी, अशी एक समजूतही तयार झाली आहे. मला ती मान्य नाही.

आधी अमेरिकेत हे का आलं ते पाहू. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६८ मध्ये तिथे बास पकडणाऱ्यांची मोठी संघटना काढली आणि तो स्पर्धाही भरवायचा. स्पर्धेत माशांचं वजन करायचं म्हणजे ते मरायचेच. एकाच तलावावर शेकडो माणसं उतरायला लागल्यावर लोक नावं ठेवू लागले. म्हणून १९७२ मध्ये त्याने मासे जिवंत ठेवून, वजन करून परत सोडण्याचा नियम आणला. बास तिथला मूळचा मासा. मोठा बास वाढायला वर्षं लागतात, मागणारे लोक खूप. तिथे सोडणं शहाणपणाचंच होतं.

आता हाच मासा जपानमध्ये बघा. १९२५ मध्ये बास हौसेखातर जपानच्या आशी तलावात आणून सोडला गेला. तिथून तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे फस्त करू लागला. शेवटी बिवा हे जपानचं सगळ्यात मोठं सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे, त्या प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी केली. २००५ मध्ये तो देशाच्या उपद्रवी परकीय प्रजातींच्या कायद्यातही आला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जियात १९३२ मध्ये झालेल्या सव्वाबावीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे १० किलोच्या विक्रमाची बरोबरी झाली ती याच बिवा सरोवरात, २००९ मध्ये. मासा तोच, गळ तोच. एका तलावावर सोडणारा सज्जन आणि दुसऱ्यावर सोडणारा नियम मोडणारा. कारण नियम माशाच्या सौंदर्यावर ठरत नाही, पाण्यावर ठरतो.

मग आपल्या पाण्याचं काय? आपल्याकडे बास नाही. आपल्याकडे त्याच्या स्वभावाला सगळ्यात जवळचा म्हणजे मरळ. शेवाळात, पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि बेडूक दिसला की झेप घेतो. म्हणून तर अमेरिकेतला रबरी बेडूक आपल्याकडे चालतो. (जिवंत बेडूक गळाला लावू नका. रबरी तितकाच चालतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो.) मरळ अधूनमधून हवा घ्यायला वर येतो. पाण्यावर 'पुक' असा बुडबुडा आणि वलय दिसलं की समजायचं. पावसाळ्यात मात्र एक गोष्ट नीट पाहा. काठाच्या उथळ पाण्यात लालसर-केशरी पिल्लांचा एक गोळाच्या गोळा हलताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. त्यांच्याखाली आई-बाप पहारा देत असतात आणि पिल्लांजवळ काहीही पडलं तरी चिडून तोंड घालतात. त्यामुळे त्या वेळी तो पकडणं अगदी सोपं असतं, आणि म्हणूनच पकडू नये. पालक बाहेर काढलात की पाच मिनिटांत इतर मासे पिल्लांवर तुटून पडतात. नंतर तुम्ही त्याला अगदी प्रेमाने सोडलंत तरी मागे राखायला काही उरलेलं नसतं. अशा जागी गळ टाकायचाच नाही.

चिलापीची गोष्ट बरोबर उलटी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण भराभर वाढते. तळ्यात एकदा शिरला की निघत नाही, आणि मग हातभर माशांऐवजी बोटभर चिलाप्यांनी तळं भरतं. तो सोडून देऊन फोटोखाली 'निसर्ग वाचवा' लिहिणं म्हणजे विनोद आहे. चिलापी लागली तर ठेवा, साफ करा, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर टाका. काटे कमी, चव बरी. आणि हॉस्टेल सोडताना फिशटँकमधले मासे तळ्यात नेऊन सोडणाऱ्या दयाळू मित्रांनाही हेच सांगणं आहे. ती दया तळ्याला महागात पडते.

तिसरा प्रकार रोहू, कटला, मृगळ. इथे प्रश्न सोडायचा की ठेवायचा हा नाहीच. प्रश्न आहे, तो कुणाचा? धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते. संस्थेचे लोक पैसे घालून मत्स्यबीज, बोटुकली आणून सोडतात आणि ती वाढायची वाट पाहतात. पाणी सरकारी दिसतं, पण त्यातला कटला कुणाच्या तरी पोराच्या फीचा असतो. शेतातला ऊस मोडून खाणं आणि विचारल्याशिवाय हा मासा नेणं यात मला फरक दिसत नाही. आणि विचारलं तर माणसं नाही म्हणतात असंही नाही. काही ठिकाणी थोडे पैसे घेतील, काही ठिकाणी नुसता चहा.

आता आमच्यातल्या शाकाहारी मित्रांचा एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. ते म्हणतात, खायला पकडता तर समजू शकतं, पण नुसतं टोचायचं, दमवायचं आणि सोडायचं, ही कसली मजा? याला यूट्यूबवाल्या काकांकडे उत्तर नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं नाही. माझं मत सांगतो. दिवसात वीस मासे पकडून वीस सोडणाऱ्यापेक्षा दोन पकडून दोन खाणारा आणि मग रॉड गुंडाळून वडाखाली झोपणारा बरा. सोडणं ही गरज पडली तर करायची गोष्ट आहे, खेळाचा परवाना नव्हे. (हे पटत नसेल तर पुढच्या अंकात लिहा. वाद चालेल.)

पण सोडायचाच असेल तर नीट सोडा. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तापमानाबरोबर घटतो. समुद्रसपाटीला २० अंशांवर लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसात. झुंजून दमलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांतल्या पाण्यात तो कमी असतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी 'पकडा-सोडा' खेळूच नये. मरळ हवा घेऊ शकतो, तो टिकेल. रोहू टिकणार नाही. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं जंतूंपासून संरक्षण करतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. गळ सहज निघतो, माशाच्या तोंडातून आणि तुमच्या अंगठ्यातूनही. फोटो काढताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला घुसमटायला लागलं की मासा पाण्यात गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट फिजिक्सच्या सरांना आवडेल. पाण्यातून वर पाहताना माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं, कारण पाण्याचा क्रिटिकल अँगल ४८.६ अंश आहे. क्षितिजालगतच्या वस्तू त्या शंकूच्या कडेला चेपून, अंधूक दिसतात. काठावरून दहा अंशांच्या खाली राहिलात तर तुम्ही जवळजवळ अदृश्य. पाच मीटरवरच्या माशासाठी दहा अंश म्हणजे साधारण ९० सेंटीमीटर. म्हणजे उकिडवं बसा. काठावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला मासा का लागत नाही, हे व्हायव्हात विचारायला हरकत नाही. गाठ आवळतानाही तसंच. नायलॉन कोरडं आवळलं की घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतं. थुंकी लावून हळू आवळा. गावातली पोरं हे कुठलंही टेक्स्टबुक न वाचता करतात.

काही स्टाफ मेंबर म्हणतात की हा परदेशी आणि रिकामटेकडा छंद आहे. परदेशी तर नाहीच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद असं प्रकरणच लिहिलं. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, दोरी कशी, काठी कशी, सगळं. म्हणजे दख्खनच्या राजालाही आधी माशाचा अभ्यास करावासा वाटला, मग गळ टाकावासा वाटला. रिकामटेकडा आहे हे मान्य. पी.एल.मध्ये जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र माशाबद्दल नाही. आपल्याकडची धरणं उन्हाळ्यात आटतात आणि त्यातला गाळ शेतात टाकायला उपसला जातो. चांगलंच काम आहे. पण ते खड्डे पाऊस पडल्यावर पाण्याखाली जातात आणि वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोलीत पडू शकतं. काठाची काळी माती ओली झाली की बूट ओढून घेते. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका. तंगूस तोडा, दहा रुपये जाऊ द्या. एकटं जाऊ नका, मोठी दोरी बरोबर ठेवा आणि पोहता येतं या भरवशावर राहू नका. कार्बन फायबरचा रॉड विजेचा वाहक असतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात हायटेन्शन तारांची कमी नाही, तेव्हा तारांखाली रॉड उभा धरायचा नाही. आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून काठ सोडायचा.

तोडलेली तंगूस मात्र खिशात घालून परत आणा. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणखी शेकडो पक्षी येतात. नायलॉनमध्ये पाय गुरफटलेला पक्षी दिवसभर फडफडतो. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे जायचं तर आधी वनखात्याकडे विचारा. शहरातल्या सलीम अली सरोवरावर तर गळ नेऊच नका. आणि ज्या ओढ्या-नदीत कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी येतं तिथला मासा, चिलापी असली तरी, तव्यावर टाकू नका.

सुखना धरणावर जाणार असाल तर पहिल्या रविवारी रॉड खोलीवरच ठेवा. पहाटे जा. जाळी काढून माणसं काठावर येतात तेव्हा त्यांच्याशी बोला. यंदा बोटुकली कधी सोडली, कोणता काठ खोल आहे, गाळ कुठे काढला होता, आम्ही कुठे बसलो तर चालेल, एवढं विचारा. ते सांगतील. जाताना वीसेक रुपयांची चिलापी विकत घ्या, म्हणजे दुसऱ्या रविवारी ओळख निघते.