कंबरदुखी आणि रक्तातील प्रोटीनचा हिशेब

गेवराई तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वडील अठ्ठावन्न वर्षांचे, हयात ऊसतोडीत गेलेली. दीड वर्षापासून त्यांची कंबर दुखते, अंगात रक्त राहत नाही, दोन जिने चढले की धाप लागते. इंजेक्शने झाली, पट्टा झाला, लेप झाले. आता एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’ अशी रक्ताची तपासणी लिहून दिली आहे. ही कसली तपासणी, ती केलीच पाहिजे काय, आणि तीत काही निघाले तर पुढे काय, असे त्या विचारतात. हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात कंबरदुखीला कोणी आजार म्हणतच नाही. दिवाळी झाली की धारूर, पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणीकडून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. पहाटे फडात उतरायचे, वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. अशा माणसाची कंबर दुखणार नाही तर काय होईल? बाजार समितीतील हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, बांधकामावरच्या आयाबाया यांचेही तेच. दुखले की गोळी, फारच दुखले की इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवशी कामावर.

शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत हा अंदाज बरोबरही असतो. दुखणे कष्टाचेच असते, विश्रांतीने उतरते. परंतु काही थोड्या माणसांत कंबरदुखीचे मूळ स्नायूत नसून हाडाच्या आतल्या मगजात असते. त्या आजाराचे नाव मल्टिपल मायलोमा. हा रक्ताचा एक कर्करोग आहे. नाव अवघड असले तरी त्याचा माग काढणारी तपासणी अवघड नाही, आणि तिची पहिली खूण बरेचदा आपल्याच घरातल्या रिपोर्टाच्या पिशवीत पडून असते.

शरीरात नेमके काय होते?

हाडांच्या पोकळीतील मगजात रक्त तयार होते. तेथेच प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. प्रतिपिंडे म्हणजे एक प्रकारचे प्रोटीनच. निरोगी माणसात शेकडो प्रकारच्या जंतूंसाठी शेकडो प्रकारची प्रतिपिंडे असतात.

मी कारकून माणूस, म्हणून कचेरीतला दाखला देतो. एखाद्या कचेरीत प्रत्येक टेबलावर वेगवेगळे काम चालते. समजा, एका टेबलावरचा माणूस एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढत सुटला. दिवसरात्र तोच अर्ज, हजारो प्रती. कपाटे भरली, वाट अडली, बाकीच्या टेबलांना कागद उरला नाही. मायलोमात असेच घडते. एकाच प्लाझ्मा पेशीची बेसुमार पिलावळ होते आणि ती सगळी एकाच साच्याचे, निरुपयोगी प्रोटीन रक्तात सोडत राहते. डॉक्टर त्याला ‘एम प्रोटीन’ म्हणतात.

मग चार ठिकाणी बिघाड दिसतो. हाडे आतून पोखरली जाऊन दुखतात, किरकोळ धक्क्याने मोडतात. हाडातले कॅल्शियम रक्तात उतरते, त्यामुळे तहान, बद्धकोष्ठ, गुंगी येते. मगजात जागा न उरल्याने रक्त कमी होते. आणि हे प्रोटीन गाळता गाळता किडनी निकामी होऊ लागते. खरी प्रतिपिंडे कमी पडल्याने न्यूमोनियासारखी दुखणी वारंवार येतात, ते वेगळेच.

तपासणी कशी होते?

हाताच्या शिरेतून नेहमीसारखेच थोडे रक्त घेतात. ते गोठू देऊन यंत्रात फिरवले की वर पिवळसर पाणी उरते, त्याला सिरम म्हणतात. हे सिरम एका पातळ थरावर ठेवून त्यातून वीज सोडतात. प्रत्येक प्रोटीन आपापल्या वेगाने पळते. अल्ब्युमिन सर्वांत पुढे जाते आणि प्रतिपिंडे मागे राहतात. या रीतीचा पाया स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस यांनी घातला. त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रिपोर्टवर याचा आलेख येतो. निरोगी माणसाच्या आलेखात पहिला अल्ब्युमिनचा उंच सुळका, मग दोन-तीन लहान टेकड्या आणि शेवटी आपल्या बालाघाटच्या डोंगरासारखा पसरट उंचवटा दिसतो. हा पसरट भाग प्रतिपिंडांचा. क्षयरोग, यकृताचे आजार, जुनाट जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो, पण पसरटच राहतो. मायलोमात मात्र त्या भागातून खांबासारखा एकच अरुंद सुळका वर येतो. त्यालाच ‘एम बँड’ किंवा ‘एम स्पाइक’ म्हणतात. तो दिसला की नेमका प्रकार ओळखण्यासाठी ‘इम्युनोफिक्सेशन’ ही पुढची तपासणी करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. शंभरातील पंधरा-वीस रुग्णांत प्रतिपिंडाचा फक्त लहान तुकडा तयार होतो, त्याला लाइट चेन म्हणतात. तो लघवीवाटे निघून जातो आणि रक्ताच्या आलेखात सुळका दिसतही नाही. म्हणून लक्षणे ठळक असतील तर ‘फ्री लाइट चेन’ ही रक्ताची तपासणी आणि लघवीची खास तपासणीही लागते. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर विसंबू नये. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते, हे तुकडे तिला दिसत नाहीत.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची कंबरदुखी

या आजाराची एक जुनी हकिकत आहे. लंडनमधील पंचेचाळिशीचा एक व्यापारी १८४४ साली सहलीला गेला असता भुयारातून उडी मारून बाहेर आला आणि छातीत काही तरी तुटल्यासारखे त्याला वाटले. दुखणे त्या उडीचेच, असे धरून उपचार झाले. पट्टे लावले, जळवा लावल्या, रक्त काढले. माणूस अशक्त होत गेला. १८४५ साली डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तापवून पाहिली. तिच्यात साका धरत होता, उकळल्यावर विरघळत होता, आणि थंड झाल्यावर पुन्हा जमत होता. हा नमुना रसायन जाणणारे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. त्या प्रोटीनला आजही त्यांचेच नाव आहे. रुग्ण मात्र १ जानेवारी १८४६ रोजी मरण पावला. त्याची हाडे मऊ झालेली आढळली.

त्याच्या दुखण्याचा दोष उडीवर गेला, आपल्या माणसांच्या दुखण्याचा दोष मोळीवर जातो. त्या काळी तपासणीचे साधन नव्हते आणि औषधही नव्हते. आज दोन्ही आहेत, तरी माणूस उशिरा पोचतो, ही खरी खंत आहे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग समजून अशा रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिल्याचेही आढळते. २०२० च्या नोव्हेंबरात अभिनेत्री व तेव्हाच्या खासदार किरण खेर यांचा हात मोडला आणि त्यानंतरच्या तपासण्यांत हाच आजार सापडला. त्यांचा उपचार मुंबईत झाला. हात मोडल्यावर तो का मोडला हे शोधले गेले, हे त्यातले महत्त्वाचे.

घरबसल्या करता येणारी वजाबाकी

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक कंबरदुखीला इलेक्ट्रोफोरेसिस करत सुटण्याची गरज नाही. आधी घरातले जुने रिपोर्ट काढा. ते इंग्रजीत असतील तर घरातल्या शिकत्या मुलामुलीला वाचायला बसवा. यकृताच्या तपासणीच्या कागदावर ‘टोटल प्रोटीन’ आणि ‘अल्ब्युमिन’ असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरते ते ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे येतात तो भाग.

समजा टोटल प्रोटीन ७.२ आणि अल्ब्युमिन ४.२ आहे. बाकी ३ उरली. हा हिशेब जुळला. पण टोटल प्रोटीन ९.६ आणि अल्ब्युमिन ३.१ असेल तर बाकी ६.५ उरते. साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान असायला हवी ती बाकी जवळजवळ दुप्पट झाली. वहीत एवढा फरक आला तर कोणताही हिशेबनीस सही करणार नाही. मग आपण का करावी?

त्याच पिशवीत आणखी चार आकडे पाहा. हिमोग्लोबिन १० च्या खाली, क्रिएटिनिन २ च्या वर, कॅल्शियम ११ च्या वर, ईएसआर १०० च्या आसपास किंवा वर. वय पन्नाशीकडे झुकलेले किंवा पुढचे, विश्रांती घेऊनही न थांबणारे हाडाचे दुखणे आणि यांतला एखादा आकडा बिघडलेला, असे जुळले तर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा : “साहेब, मायलोमाची शंका आहे का? प्रोटीनची तपासणी करावी का?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे. मात्र बाकी साधी आली म्हणून निर्धास्तही होऊ नये. लाइट चेनच्या प्रकारात ती साधी येऊ शकते.

सुळका दिसला म्हणजे कर्करोगच काय?

नाही. वाढत्या वयात काही लोकांच्या रक्तात एम प्रोटीन थोडेसे असते आणि त्रास काहीच नसतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील शंभरांपैकी सुमारे तिघांत ते आढळले. अशा लोकांपैकी वर्षाला साधारण शंभरात एकालाच पुढे मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. एम प्रोटीन ३ ग्रॅमपेक्षा कमी, मगजात प्लाझ्मा पेशी शेकडा दहापेक्षा कमी आणि हाडे, किडनी, रक्त ठीक असेल तर औषध देत नाहीत. ठरावीक काळाने रक्त तपासून नुसते लक्ष ठेवतात. त्या भीतीने शेत गहाण टाकू नये, आणि तारीख चुकवूही नये.

शंका पक्की करण्यासाठी कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना काढतात आणि हाडांचे एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय करतात. मायलोमा ठरला तर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड अशी औषधे आहेत. ती आता भारतीय कंपन्याही बनवतात. आजार बहुधा समूळ जात नाही, पण वेळेवर उपचार मिळाले तर माणूस कित्येक वर्षे हिंडताफिरता राहतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. कोणाची नजर, बाहेरची बाधा यांचा त्याच्याशी संबंध नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यात घालवलेला महिना किडनीच्या खात्यातून वजा होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

कोठे जावे?

साध्या रक्ततपासण्यांसाठी आधी सरकारी दवाखाना गाठावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईत परळचे टाटा मेमोरियल ही ठिकाणे आहेत. टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तेथे रुग्ण व नातेवाइकांची अल्प दरात राहण्याची सोय होते.

इलेक्ट्रोफोरेसिसला खासगी लॅबमध्ये काही शे रुपये पडतात, फ्री लाइट चेनला जास्त. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला, मग खर्च. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून तिला हे नाव आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन, दाखल होण्यापूर्वीच, योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. आधी खिशातून खर्च करून मागाहून पैसे मागता येत नाहीत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही भेटावे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलला लावून न्यावेत. फाइल नीट असली तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि त्याच तपासण्यांचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही.

तोपर्यंत काय टाळावे?

शंका असेपर्यंत मनाने दुखऱ्या गोळ्या व इंजेक्शने घेऊ नयेत. डायक्लोफिनॅकसारखी औषधे आधीच थकलेल्या किडनीला आणखी मारतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर प्यावे. हाडवैद्याकडून पाठ तुडवून किंवा झटका देऊन घेऊ नये, कारण पोखरलेला मणका त्यात खचू शकतो. मोळी, पोते उचलू नये. पायांना मुंग्या येऊ लागल्या, पाय लुळे पडले, लघवी-संडासचे भान गेले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. तासांच्या उशिराने माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

मुकादमाकडच्या उचलीचा हिशेब आपण रुपया-रुपयाने तोंडपाठ ठेवतो. आपल्या आईबापाच्या रक्ताचा हिशेबही तसाच ठेवायला हवा. या रविवारी घरातील रिपोर्टाची पिशवी खाली काढा आणि ती एक वजाबाकी करून पाहा.