पासपोर्ट मागणारे आपण

गेल्या महिन्यात आमच्या शाखेत एक तरुण खाते उघडायला आला. काळा वर्ण, कुरळे केस. परदेशी विद्यार्थी असावा असे समजून मी इंग्रजीतून पासपोर्ट आणि व्हिसा मागितला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मी खानापूर तालुक्यातला. हे घ्या आधार कार्ड.” रांगेतले दोघे हसले. त्याला हे नवीन नसावे. खाते उघडून झाले, पण ‘माफ करा’ एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

तो सिद्दी समाजाचा. हल्याळ, यल्लापूर, अंकोला आणि आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात हे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटलेले अनेकजण घाट चढून रानात वसले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्माचे लोक आहेत. पुष्कळांची घरची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींसाठी मात्र २०२० उजाडावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले.

आपल्या इतिहासाला तरी हा चेहरा परका कुठे आहे? मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याची जमीन महसुलाची पद्धत आपण शाळेत पाठ केली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. पुस्तकातल्या अंबरचे कौतुक करायचे आणि समोर उभ्या असलेल्या त्याच्या रक्ताच्या माणसाला ‘कुठल्या देशाचा?’ म्हणून विचारायचे, हे कसे?

सीमाभागातल्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक बोचायला हवा. ‘तुम्ही तिकडचे, तिकडेच जा’ हे वाक्य आपण १९५६ पासून ऐकत आलो आहोत. भाषा जपण्याचा हक्क सांगताना आपण घटनेच्या २९ व्या कलमाचा आधार घेतो. त्याच कलमाचा दुसरा भाग वाचा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो सांगतो. घटनाकारांनी वंश आणि भाषा एकाच ओळीत बसवली. आपण त्यातले सोयीचे तेवढेच उचलायचे का?

काहीजण म्हणतील, आपल्याच मागण्या पडून आहेत, त्यात हे आणखी कशाला? पण न्याय मागणाऱ्याचा व्यवहारही चोख हवा. खतावणीत जमेची बाजू तेवढी लिहून हिशेब जुळत नाही.

सुरुवात घरापासून करू. वधू-वर सूचीतला ‘गोरी’ हा शब्द काढून टाकू. मंडळाच्या वार्षिक व्याख्यानाला एखाद्या सिद्दी शिक्षकाला किंवा खेळाडूला बोलावू, तेही केवळ नाच दाखवायला नव्हे, बोलायला. आणि माझ्यासारखे जे काउंटरवर बसतात, त्यांनी चेहरा पाहून कागद मागू नयेत.

तो तरुण पासबुक घ्यायला येणार आहे. राहिलेले ते दोन शब्द त्या दिवशी बोलायचे आहेत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे.