आरमाराचें कोठीघर

आरमाराचा इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें तोफांचा धूर, फाटकीं शिडें आणि जखमी होऊन पडलेला सेनापति उभा राहतो. ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सन कसा पडला हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु त्या जहाजांवरील शेंकडों माणसांच्या पोटांत रोज काय जात होतें, तें कोण विकत घेई आणि त्यांचा पगार वेळेवर मिळे कीं नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या घरीं कोठीच्या किल्ल्या भलत्याच हातीं असतात त्या घरचा सण कसा पार पडतो, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. म्हणून आज इंग्लंडच्या आरमाराच्या कोठीघरांत शिरण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें कोठीघर म्हणजे आठव्या हेन्री राजानें १५४६ सालीं स्थापिलेलें नेव्ही बोर्ड. लढाई कोठें व कोणाशीं करावयाची हें ॲडमिरल्टीनें पाहावें आणि जहाजें बांधणें, दोर, डांबर, शिडाचें कापड खरेदी करणें, गोद्या चालविणें हें बोर्डानें पाहावें, अशी वांटणी पुढें पडली. १६६० सालीं ह्या बोर्डाच्या चिटणिशीवर सॅम्युएल पीप्स नांवाचा २७ वर्षांचा तरुण आला. बाप शिंपी, वेतन वर्षास ३५० पौंड, आणि नेमणूक एका वजनदार आप्ताच्या वशिल्याची. गृहस्थ केंब्रिजचा पदवीधर, लॅटिनांत प्रवीण. परंतु गुणाकाराचे पाढे त्यास येत नव्हते! १६६२ च्या जुलै महिन्यांत एका जहाजावरील कूपर नांवाच्या मेटास त्यानें शिकवणीस ठेविलें आणि पहाटे उठून पाढे घोकले. आमच्याकडे पावकी-निमकी घोकून रडकुंडीस आलेल्या बाळगोपाळांना हें अवश्य वाचून दाखवावें. पाढे आल्यावर पीप्स लांकूड मोजावयास शिकला, आणि मोजूं लागतांच सरकारास व्यापारी कसे नागवीत आहेत तें त्याच्या ध्यानीं आलें. तो स्वतः धुतल्या तांदळासारखा होता असें नव्हे. नजराणे त्यानेंही घेतले व गुप्त लिपींतील आपल्या रोजनिशींत तसें लिहूनही ठेविलें. तरी पण घेणाऱ्यांत मोजणारा निपजला हें त्या आरमाराचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

मोजमाप सुधारलें तरी तिजोरी रिकामीच होती. डचांशीं युद्ध चाललेलें, आणि खलाशांस रोख पगाराऐवजीं चिठ्ठ्या मिळत. चिठ्ठीचे पैसे मिळावयाचे ते लंडनांत. तेहि खजिन्यांत असतील तेव्हां. तोंवर घरचीं माणसें उपाशी, म्हणून त्या चिठ्ठ्या मिळेल त्या कसरीनें दलालांस विकाव्या लागत. १६६६ च्या जुलैंत, ज्यांचे नवरे शत्रूच्या कैदेंत पडले होते अशा तीनशेंहून अधिक स्त्रिया बोर्डाच्या अंगणांत जमल्या आणि पैशांसाठीं आक्रोश करूं लागल्या. त्या दिवशीं पीप्सच्या घरीं रात्रीच्या जेवणास हरिणाच्या मांसाची पोळी व्हावयाची होती. ती भाजावयास बाहेर पाठविली तर ह्या बायका हिसकावून घेतील, अशी पतिपत्नींस भीति पडली. पोळी सुखरूप गेली. त्या बायकांची मात्र त्यास कींव आली आणि एकीस परत बोलावून त्यानें थोडे पैसे दिले; तिनें त्यास दुवा दिला. ज्या कचेरीकडे तिचें हक्काचें देणें थकलें होतें, त्या कचेरीच्या चिटणिसानें तिला भिक्षा घालावी आणि तिनें त्यास आशीर्वाद द्यावा! आम्हांस तर हा प्रसंग कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षां अधिक बोलका वाटतो.

ह्याचें फळ पुढच्याच वर्षीं मिळालें. पैशाअभावीं मोठीं जहाजें नांगरून ठेविलीं होतीं. १६६७ च्या जूनमध्यें डच आरमार मेडवे नदींत शिरलें, त्यानें कित्येक जहाजें जाळलीं आणि 'रॉयल चार्ल्स' हें राजाच्या नांवाचें जहाज ओढून नेलें. डचांच्या जहाजांवर इंग्रज खलाशी होते, आणि पूर्वीं आम्ही चिठ्ठ्यांसाठीं लढलों, आतां रोख नाण्यासाठीं लढतों, अशा अर्थाचें ते ओरडून सांगत होते, असें पीप्सच नमूद करतो. त्या जहाजाची मागील नक्षीदार फळी आजही ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते.

अन्नासाठीं १६८३ पासून निराळें व्हिक्चुअलिंग बोर्ड झालें. अठराव्या शतकांतील नियमाप्रमाणें प्रत्येक खलाशास रोज एक रत्तल बिस्किट व एक गॅलन बिअर, आणि आठवड्यास चार रत्तल गोमांस, दोन रत्तल डुकराचें मांस, शिवाय वाटाणे, ओटचें पीठ, लोणी व चीज मिळे. सोमवार, बुधवार व शुक्रवार हे बिनमांसाचे वार. ह्या वारांस खलाशी काय म्हणत? 'बनियन डेज', म्हणजे वाण्यांचे दिवस! सुरतेकडील शाकाहारी वाण्यांवरून हा शब्द इंग्रज दर्यावर्दींच्या तोंडीं बसला. आमचें नित्याचें भोजन त्यांस उपवास वाटावें ह्यांत नवल नाहीं.

कागदावर शिधा भरपूर होता. परंतु पर्सर म्हणजे जहाजावरील कोठावळा हा नासधुशीच्या नांवाखालीं सोळा औंसांच्या रत्तलांतून दोन औंस कापून चौदाच औंस देई, आणि ही कापणी रूढीनें मान्य होती. पगाराचा दर तर १६५० च्या सुमारापासून शंभरावर वर्षें बदलला नव्हता. १७९७ सालीं स्पिटहेड येथें सारें आरमार अडून बसलें तेव्हां पगारवाढीबरोबर पुऱ्या सोळा औंसांचा रत्तल मिळावा हीहि मागणी होती. ती मान्य झाली व कोणास फांशी झाली नाहीं.

शिध्यांत नव्हती ती वस्तु म्हणजे ताजें फळ. सप्तवार्षिक युद्धाचे (१७५६–६३) तेव्हां प्रसिद्ध झालेले आंकडे असे आहेत कीं, लढाईंत १,५१२ माणसें पडलीं, आणि रोगानें मेलेलीं व पळून गेलेलीं मिळून १,३३,७०८! रोगांत स्कर्व्ही हा मोठा वैरी. १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या शस्त्रवैद्यानें बारा रोग्यांवर सहा निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्रीं व लिंबू मिळालेले दोघे सर्वांआधीं सुधारले. १७५३ त त्याचा ग्रंथ निघाला. तथापि लिंबाचा रस आरमारांत सर्रास मिळूं लागण्यास १७९५ साल उजाडलें. बेचाळीस वर्षें! त्यांतही लिंडनें टिकाऊपणासाठीं रस आटवून ठेवण्याची शिफारस केली, आणि आटवण्यानें त्यांतील गुण बराचसा जातो. लिंबू पिळावयाचें तें पातेलें चुलीवरून उतरविल्यावर, हें आमच्या घरच्या वडील बायकांस जीवनसत्त्वाचें नांवही न ऐकतां ठाऊक होतें.

येथें आमच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. सुमारें १७१५ च्या ह्या ग्रंथांत आरमारावर एक प्रकरणच आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, आरमाराच्या मिळकतीवर टाकूं नये, नाहीं तर सावकारांस उपद्रव होऊन बंदरें उठतील, असें पंत बजावतात. आंबे व फणस रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेले असतात. ते तोडूं देऊं नयेत, आणि एखादें जीर्ण झाड लागलेंच तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असेंही तेथें आहे. लंडनांतील चिठ्ठ्यांचा घोळ ज्यानें वाचला आहे, त्यास पहिल्या नियमाची किंमत विशेष कळेल.

लांकडाची अडचण इंग्रजांसही कांहीं सुटली नाहीं. ओक कमी पडूं लागला तेव्हां मलबारच्या सागवानाकडे दृष्टि गेली. सुरतेहून १७३६ सालीं मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया ह्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं जहाजें बांधलीं. ७४ तोफांचें 'मिंडेन' १८१० त पाण्यांत उतरलें. नेव्ही बोर्ड आणि व्हिक्चुअलिंग बोर्ड दोन्ही १८३२ सालीं मोडून त्यांचीं कामें ॲडमिरल्टीकडे गेलीं. मुंबईच्या गोदींतून १८१७ त निघालेलें 'त्रिंकोमाली' मात्र इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि पाण्यावर तरंगत आहे.