निखाऱ्यांवरचे मासे

योहानाच्या शुभवर्तमानातला शेवटचा अध्याय मला फार जवळचा वाटतो. मरणातून उठलेला येशू समुद्रकाठी उभा आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेत. ते किनाऱ्याला लागतात तो निखारे फुललेले, त्यांवर मासळी, शेजारी भाकर. मृत्यूला जिंकून आलेल्या प्रभूनं भुकेल्या माणसांसाठी न्याहारी करून ठेवली होती. आमच्या वसईच्या चर्चमध्ये हा उतारा वाचला जातो, तेव्हा समोर पहाटेच मासळी साफ करून, डबे भरून आलेल्या कितीतरी बाया बसलेल्या असतात.

तरीही देवाचं काम आल्तारापुढचं आणि घरातलं काम नुसतं संसाराचं, ही वाटणी आमच्या मनात पक्की आहे. तान्हं मूल असलेली आई ‘प्रार्थनेला वेळच होत नाही गं’ असं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगते. मिस्सा चालू असताना पोर रडलं की तिनंच उठून व्हरांड्यात जायचं, अर्धं प्रवचन बाहेरूनच ऐकायचं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा पुन्हा वाचते. वडिलांच्या अतिकडक सोवळ्यात ही मुलगी वाढली. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी पाच वर्षांनी, 1900 मध्ये, राहुरीला. मधल्या काळात त्यांच्या मनानं शिवाशिवीची केवढी भिंत ओलांडली! शुभवर्तमानातला येशू महारोग्याला हात लावतो. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तो विटाळत नाही, ती बरी होते. हे पावित्र्य अंग चोरून दूर उभं राहत नाही. आईचं सगळं काम तर शिवण्याचंच. मुलाला रात्री उलट्या सुरू झाल्या की चादर ओढायची, त्याचं तोंड पुसायचं, दुसरी चादर घालायची, तीही भरली तर आपली साडी. कपाळावरची पट्टी बदलताना ‘नमो मरिया’ अर्ध्यावर तुटते. ती तुटलेली प्रार्थनाही देवाला पोचते आणि ती चादर धुणंही पोचतं, असं मी मनापासून मानते.

फ्रान्समधल्या आलाँसाँच्या झेली मार्टिन मला म्हणूनच आपल्या वाटतात. त्या सुईनं विणायच्या नाजूक लेसचा धंदा चालवत. घरोघरच्या कामकरणींनी केलेले तुकडे त्या स्वतः जोडत, गिऱ्हाइकं सांभाळत. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. धाकटी तेरेज पुढं लिझ्यूची संत तेरेज झाली. झेलीबाईंची दोनशेहून अधिक पत्रं उरली आहेत. त्यांत आजारी मुलं, दूधआई, राहिलेल्या ऑर्डरी, थकवा आणि देव, सगळं एकाच दमात येतं. स्तनाच्या कर्करोगानं 1877 मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी त्या गेल्या.

पण अशा बायांचं कौतुक करून त्यांच्या डोक्यावरचं ओझं आणखी वाढवायचं असेल, तर ते मला मान्य नाही. ‘आई म्हणजे त्याग’ म्हणत बाकीचं घर हातपाय पसरून बसतं, आणि दमलेल्या बाईला बरं नाही म्हणायचीही चोरी होते. शेवटच्या भोजनावेळी कंबरेला रुमाल बांधून पाय धुणारा स्वतः प्रभू होता, आणि ज्यांचे पाय धुतले त्या पुरुष शिष्यांना त्यानं तसंच करायला सांगितलं. झेलीबाईंचे पती लुई घड्याळजी होते. 1870 मध्ये त्यांनी आपलं दुकान भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्यातली फिरतीची कामं अंगावर घेतली. 18 ऑक्टोबर 2015 रोजी चर्चनं या दोघांना एकत्रच संत म्हणून जाहीर केलं. आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ झाली की भांडी घासायला नवरा आणि मुलगा उठतात. शेजारच्या घरांतही तसंच व्हावं, असं मी आमच्या महिला मंडळात बोलून दाखवलं आहे, आणि पुढच्या सभेला पुरुषांनाही बोलवायचं ठरलं आहे.